पडद्याबाहेरचे टेबल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या जुन्या आठवणींवर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "मी हॉटेलावर बोलेन." त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. वर्धापनदिनाला संस्थापक भगिनींवर, शिवणवर्गावर, बालवाडीवर बोलावयाची आपली रीत आहे. ते सारे अहवालात येतेच. मारुतीच्या देवळाच्या ओवरीत मंडळ सुरू झाले, हेही दरवर्षी वाचून दाखवले जाते, आणि ते खरेच आहे. पण ओवरीत आम्ही भजने म्हटली, वाती वळल्या. एकमेकींशी मोकळेपणी बोलावयास शिकलो ते स्टेशनकडच्या रस्त्यावर, अण्णांच्या हॉटेलात, कॉफीच्या टेबलाशी. तेव्हा आजचे भाषण त्या हॉटेलाचे आहे. त्यात थोडी माझी स्वतःचीही एक गोष्ट आहे. ती सांगावी की न सांगावी या विचारात बरीच वर्षे गेली. आता वयाची अठ्ठ्याहत्तरी आली. आणखी थांबण्यात अर्थ नाही.

मी १९६६ साली लग्न होऊन मिरजेस आले. माझे माहेर सातारकडचे. आमच्या घरी चहा रोजचा आणि कॉफी पाहुण्यांची. कॉफी म्हणजे दूध उकळत ठेवायचे, डब्यातली पूड आणि साखर घालायची आणि वरून जायफळ उगाळून टाकायचे. कॉफीच्या वड्याही मिळत. दुधात टाकली की झाले. आजारी माणसाला, बाळंतिणीला भेटावयास आलेल्या बायकांना, मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींना कॉफी. त्या कॉफीत दूध, साखर आणि जायफळ यांचाच वास अधिक. कॉफीला स्वतःची अशी चव असते आणि ती कडू असते, हे मला एकोणीस वर्षांची होईतो ठाऊक नव्हते.

ते मिरजेने शिकवले. आपले गाव रेल्वेचे. बेंगळूरकडून येणारी गाडी इथे यायची, पुण्याची इथून सुटायची, आणि अरुंद रुळांवरची पंढरपूरची गाडी वारकऱ्यांना घेऊन डुलत डुलत निघायची. १९७१ साली पुण्याकडची मोठी रेल्वे झाली, आणि मग काही वर्षे तिन्ही रुंदीचे रूळ आपल्या एका स्टेशनात होते. पाहुण्यांना आम्ही हे मोठ्या अभिमानाने दाखवीत असू. पाहुण्यांना त्याचे काय वाटे कोण जाणे. पण या रुळांवरून कानडी मुलखातली माणसे आली, त्यांच्याबरोबर त्यांची कॉफी आली. दुसरे कारण दवाखान्यांचे. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली मिशनचा दवाखाना सुरू केला, तेव्हापासून आजारी माणसाला घेऊन मिरजेला यायचे, ही दूरदूरच्या जिल्ह्यांतली आणि कर्नाटकातली रीतच पडली. रोगी खाटेवर, आणि नातेवाईक बाहेर. त्या नातेवाइकांना बसावयास जागा हवी, गरम काही पोटात जावयास हवे. अण्णांच्या हॉटेलाचे निम्मे गिऱ्हाईक या काळजीतल्या माणसांचेच होते आणि आजही आहे.

अण्णा उडुपीकडचे. त्या भागातली कितीतरी मुले लहानपणीच घर सोडून मुंबईच्या वाटेला लागली. कपबशा विसळता विसळता गल्ल्यावर बसू लागली. माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२ साली काढलेले श्रीकृष्ण बोर्डिंग आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले असेल. अण्णा मुंबईपर्यंत गेलेच नाहीत. मिरजेत गाडी बदलावयास उतरले आणि इथेच राहिले, असे ते हसत सांगत. खरे खोटे त्यांनाच माहीत.

हॉटेल कसे होते ते तरुण मुलींसाठी सांगते, कारण आज तिथे काचेचे दार आणि रंगीत खुर्च्या आहेत. तेव्हा पुढच्या दालनात संगमरवरी फरशीची सहा टेबले, लाकडी खुर्च्या, भिंतीवर श्रीकृष्णाची तसबीर, तिला रोज ताजा हार. गल्ल्याशेजारी रेडिओ. आणि मागच्या बाजूस, मोरीला लागून, एक अंधारी खोली. तिला हिरवा पडदा, आणि वर पाटी, 'फॅमिली रूम'. बायकांनी बसावयाचे ते त्या पडद्याआड. पडदा इतका तेलकट झालेला असे की हाताने सारावयाचा धीर होत नसे. आत खिडकी नव्हती. पुढच्या दालनात पुरुषमंडळी वाऱ्यावर बसून राजकारण करीत आणि आत आम्ही मोरीच्या वासात मान खाली घालून इडली खात असू. त्यात काही वावगे आहे असे, खरे सांगते, मला तेव्हा वाटले नाही. उलट पडदा आहे म्हणून यजमान आपल्याला हॉटेलात आणतात, याचाच आनंद होता.

तिथे मी पहिली खरी कॉफी प्याले. पितळी वाटीत पेला, पेल्यावर फेस. पहिला घोट कडू लागला, दुसरा लागला नाही.

ही कॉफी करतात कशी, हे मला अण्णांच्या पत्नीने दाखवले. या बाईंविषयी थोडे बोलले पाहिजे. अण्णांचे नाव साऱ्या मिरजेला ठाऊक. पण कॉफी होती ती या बाईंच्या हातची. मागल्या अंगणात लोखंडी कढईत बिया भाजायच्या त्या त्यांनी. बी किती काळी झाली की उतरवायची हे त्या वासावरून सांगत. धूर निळसर झाला की क्षणभरही थांबायचे नाही, नाहीतर सगळी कढई जळकी. मग दळायचे, त्यात थोडी चिकोरी मिसळायची. चिकोरी म्हणजे एका झाडाची मुळे भाजून केलेली पूड. गुजरातेत तिचे पीक निघते. तिच्याने अर्काला रंग आणि दाटपणा येतो. ती जास्त झाली की कॉफी नुसतीच काळी आणि कडवट लागते. गिऱ्हाइकाला फसवावयाचे असेल तर हात तिथेच सैल सुटतो, असे त्या म्हणत. मग पितळेचे दोन मजली फिल्टर. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे. त्यात पूड घालून हलके दाबायची, कढत पाणी वरून ओतायचे आणि झाकण लावून विसरून जायचे. घाई केली, हलवले, की अर्क पाणचट उतरतो. थेंब थेंब खाली जमतो तो अर्क वेगळ्या तापवलेल्या दुधात घालायचा. अर्क पुन्हा चुलीवर चढवायचा नाही. मी एकदा तो उरलेला अर्क उकळून घेतला, तर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी दूध नासवले.

इतके सारे करणाऱ्या या बाई पुढच्या दालनात मात्र कधी बसल्या नाहीत. तिच्या हातची कॉफी सारे गाव पिई आणि तिने ती उभ्याने, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर प्यावयाची. घरी तुळू बोलत. मराठी आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला येऊन शिकल्या. त्या आणि मी एकाच वयाच्या होतो.

मंडळ हॉटेलात कसे गेले ते आता सांगते. १९६९ च्या सुमारास आम्ही काहीजणींनी भिशी सुरू केली. महिना पाच रुपये. कुणाच्या घरी जमावे तर तिथे सासरे, दीर, पाहुणे. चहा-पोह्यांचा खर्च त्या घरावर. आणि जिच्या घरी जमायचे तिचा सारा वेळ चुलीपाशी. एकीने सुचवले, अण्णांच्या फॅमिली रूममध्ये जमू. आम्ही पाचजणी गेलो. बरोबर पुरुष नाही. अण्णा गल्ल्यावरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब मागाहून येतायत ना?" आमच्यातली एक धीट होती. ती म्हणाली, "साहेब ऑफिसात आहेत. कॉफी पाच."

त्या दिवशीचे बिल मी दिले. प्रत्येकीने आपले पैसे माझ्या हातात ठेवले होते आणि मी ते गल्ल्यावर नेऊन मोजले. भगिनींनो, वाणसामान, दूध, भाजी यांचे पैसे मी रोजच देत होते. पण आपण स्वतः बसून, दुसऱ्याने आणून दिलेले खाल्ले आणि त्याचे पैसे आपण दिले, हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होते. हात थरथरला होता. हसू नका, खरेच थरथरला होता.

दोनतीन महिन्यांनी, उन्हाळ्यात, त्या खोलीतला पंखा बंद पडला. घामाने जीव नकोसा झाला. तीच धीट मैत्रीण उठली, पडदा बाजूला केला आणि पुढच्या दालनातल्या दाराजवळच्या टेबलाशी जाऊन बसली. मागोमाग आम्ही. रेडिओ चालू होता तरी दालनात इतकी शांतता झाली की बातम्या देणाऱ्याचा श्वास ऐकू येईल. कोणी काही बोलले नाही. फक्त एक वृद्ध गृहस्थ अर्धी कॉफी टाकून निघून गेले. संध्याकाळपर्यंत ही बातमी आमच्या घरी माझ्याआधी पोहोचली होती.

सासूबाईंनी मला समोर बसवले आणि म्हणाल्या, "या घरातली बाई रस्त्यावर बसून खात नाही." रस्त्यावर नव्हे, हॉटेलात, असे मी म्हटले नाही, मला तेव्हा तोंड नव्हते. चारसहा महिने माझे जाणे बंद झाले. मग भिशीत माझा नंबर लागला, त्या पैशात मी सासूबाईंसाठी चष्मा केला, आणि जाणे आपोआप सुरू झाले. अशा गोष्टी युक्तिवादाने सुटत नाहीत. निदान आमच्या घरी तरी नाही सुटल्या.

ज्या गावात १९०५ साली हिराबाई बडोदेकर जन्मल्या, ज्या पुढे हजारो लोकांपुढे तिकीट लावून गायल्या, त्या गावात साठ वर्षांनंतर पाच बायकांना चव्हाट्यावर कॉफी पिणे जड जावे, याचे मला पुढे नवल वाटले. पण हिराबाई गाणाऱ्या. आम्ही नुसत्याच बसणाऱ्या. बाईने काही करून दाखवले तर लोक पाहतात, टाळ्याही देतात. ती काहीही न करता नुसती बसली तर मात्र सहन होत नाही.

इथपर्यंतची हकीकत आपल्यापैकी जुन्या सभासदांना माहीत आहे. ती आम्ही पुष्कळदा रंगवून सांगितली आहे, आणि तीत आमचाच पराक्रम आहे. पुढची मात्र सांगितलेली नाही.

१९७२ चा दुष्काळ आपण विसरलेल्या नाही. मिरजेला कृष्णा जवळ म्हणून आपले निभावले. तालुक्याच्या पूर्वेकडे, जत-आटपाडीकडे, माणसे आणि गुरे कशी जगली ते तिकडच्यांनाच विचारावे. खडी फोडण्याच्या कामांवर बायकाच बायका. रेशनवर तांबडी मिलो. कामावरच्या लोकांना सुकडी वाटली जायची, त्या वाटपाला हात म्हणून आपल्या मंडळाच्या बायका आठवड्यातून दोन दिवस जात असू. आमच्याबरोबर मंडळाची झाडलोट करणाऱ्या बाई येत. डोक्यावरून पोती उतरवायची, पाणी आणायचे, रांग लावायची, लहान मुलांना पुढे घ्यायचे, ही सारी कष्टाची कामे त्याच करीत. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. नाव घेऊन कधी हाक मारली नाही. आज इथे त्यांचे नाव घेत नाही, ते मात्र वेगळ्या कारणाने. त्यांच्या घरच्यांना मी विचारले होते; ते म्हणाले, "गोष्ट सांगा, नाव नको."

एके दिवशी वाटप करून परत आलो. अंगावर धूळ, घशाला कोरड. सरळ अण्णांच्या हॉटेलात शिरलो आणि दाराजवळच्या आपल्या टेबलाशी बसलो. आता ते आपलेच झाले होते. मावशी पायरीपर्यंत आल्या आणि तिथेच बसल्या. पोऱ्याने आमच्यासाठी सहा कॉफ्या आणल्या, आणि सातवी बाहेर नेली. बाहेरच्या भिंतीत, पायरीच्या वर, एक कोनाडा होता. त्यात एक काचेचा पेला पालथा घातलेला असे. पोऱ्याने वरून त्या पेल्यात कॉफी ओतली. मावशींनी ती प्याली, नळावर जाऊन पेला विसळला आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घातला.

हा कोनाडा मी सहा वर्षे पाहत होते. तो कशासाठी आहे हे मला माहीत नव्हते असे नाही. कोणी सांगितले नव्हते, विचारले नव्हते, पण माहीत होते. त्या दिवशी आमच्यात दवाखान्यातल्या एक नर्सबाई होत्या, ख्रिस्ती, अबोल. त्यांनी आपला पितळी पेला उचलला, बाहेर गेल्या आणि पायरीवर मावशींच्या शेजारी जाऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत.

आम्ही पाचजणी आत. मी उठले नाही.

उठावे असे मनात आले. पण टेबलावर माझ्याशेजारी ज्या बाई बसल्या होत्या त्या काय म्हणतील, अण्णा काय म्हणतील, पुन्हा घरी बातमी जाईल, असे सगळे एका क्षणात मनात येऊन गेले आणि मी कॉफी संपवली. थंड झाल्यामुळे फार कडू लागली, एवढे आठवते.

घरी येऊन ही हकीकत मी सासूबाईंना सांगितली. का सांगितली कोण जाणे. वाटले असेल, त्या म्हणतील, बरे केलेस. सासूबाईंचे माहेर कोल्हापूरचे. त्यांनी हातातली निवडायची भाजी बाजूला ठेवली आणि मला गंगाराम कांबळे यांची गोष्ट सांगितली. ती पुढे मी पुस्तकांतही वाचली, पण पहिल्यांदा ऐकली ती त्यांच्या तोंडून. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. दुसऱ्यांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामना सांगितले, नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या हॉटेलापुढे उभी करू लागले. तिथला चहा सर्वांदेखत घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. १९२२ साली महाराज निवर्तले, त्याच्या आधीच्या काही वर्षांतली ही गोष्ट. सासूबाईंच्या वडिलांनी ती गाडी तिथे उभी असलेली पाहिली होती.

आणि मग त्या मला म्हणाल्या, "बाईने हॉटेलात बसू नये म्हणणारी मी जुन्या वळणाची. तू शिकलेली. तू बसलीस ते बरे केलेस म्हणावे, तर बसून हे केलेस?"

त्यांनी पुन्हा भाजी घेतली. त्या विषयावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

पुढच्या सभेत नर्सबाईंनी नव्हे, आपल्या त्या वेळच्या चिटणीसबाईंनी हा प्रश्न काढला. त्यांचे यजमान वकील. त्यांनी घरून राज्यघटनेचे पुस्तक आणले होते. त्यातल्या पंधराव्या कलमाचा अर्थ त्यांनी समजावून दिला: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांतल्या कोणत्याही कारणाने कुणा नागरिकाला दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात जाण्यापासून अडवता येत नाही. शिवाय १९५५ च्या कायद्याने उपाहारगृहातली भांडी वापरण्यास मज्जाव करणे हा गुन्हाच ठरला आहे. मी ऐकत होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. जात आणि लिंग, दोन्ही शब्द त्या एकाच ओळीत आहेत. पडद्यामागून पुढे येताना आम्ही ज्या ओळीच्या आधाराने आलो, निदान येऊ शकत होतो, त्याच ओळीत मावशी होत्या. आम्ही ओळ अर्धी वाचली होती.

सभेत वाद झाला. तो सौम्य होता असे मी म्हणणार नाही. "आपण समाजसेवा करतो, पण घरचे वळण कसे सोडावे," असे एकजण म्हणाल्या. दुसऱ्या म्हणाल्या, "हे हॉटेलवाल्याचे काम, मंडळाचे नव्हे." दोघी सभासदांनी त्या महिन्यातच मंडळ सोडले. त्यांची नावे अहवालात 'स्थलांतरामुळे कमी' अशी आली आहेत. त्या शेवटपर्यंत मिरजेतच होत्या. ठराव मांडला गेला, माझे मत मी ठरावाच्या बाजूने दिले. हात वर करणे सोपे होते. बसलेल्या जागेवरून करता येते.

चिटणीसबाई आणि नर्सबाई अण्णांकडे गेल्या. अण्णा म्हणाले, "बाई, मी काय करू, गिऱ्हाईक मोडेल." ते वाईट मनुष्य नव्हते. परगावाहून येऊन पोट भरणाऱ्याला गावाची रीत मोडण्याची भीती वाटते, हे मी समजू शकते. पण भीती समजली म्हणून कोनाडा जात नाही. चिटणीसबाईंनी त्यांना एवढेच सांगितले की मंगळवारी आम्ही सातजणी येऊ, आणि सात खुर्च्या लागतील.

मंगळवारी गेलो तेव्हा कोनाडा रिकामा होता. पेला कुणी काढला हे अण्णांनी कधी सांगितले नाही. माझा संशय त्यांच्या पत्नीवर आहे. कारण त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून स्वतः बाहेर आल्या, हातात सात पेल्यांचे ताट घेऊन. पुढच्या दालनात त्यांना मी पहिल्यांदा पाहिले. गिऱ्हाईक मोडले का? काही दिवस दोनचार माणसे आली नाहीत. मग आली. तशी कॉफी दुसरीकडे मिळत नव्हती, हेही त्याचे एक कारण असेल.

मावशी त्या दिवशी खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. कॉफी बशीत ओतून घेतली. आणि जाताना पदराच्या गाठीतून पैसे काढून टेबलावर ठेवले. आम्ही नको म्हटले. त्या म्हणाल्या, "तुम्ही समद्या आपापलं देता न्हवं?" त्यानंतर मावशी जितकी वर्षे आल्या तितकी वर्षे त्यांनी आपले पैसे आपण दिले. मी उठले नव्हते याविषयी त्या मला कधी बोलल्या नाहीत. मीही त्यांना बोलले नाही. त्या १९९८ साली गेल्या. क्षमा मागावयास सव्वीस वर्षे मिळाली होती, आणि दर मंगळवारी आम्ही एका टेबलाशी बसत होतो. असो.

कॉफीविषयी आणखी एक सांगावयाचे राहिले. कॉफी हे बैठकीचे पेय आहे असे म्हणतात. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला 'इंडिया कॉफी हाउस' निघाले ते कॉफीचा खप वाढावा म्हणून. पण तिथे लेखक, विद्यार्थी, पुढारी जमू लागले. पुढे ती दुकाने बंद होण्याची वेळ आली, कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा कामगारनेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५७ पासून कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवली. वाढपी हाच मालक. मिरजेत असे कॉफी हाउस झाले नाही. पण मला त्या सगळ्या कथांत नेहमी एक प्रश्न पडतो. आपल्या देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातल्या डोंगरांत, कोडगू, चिक्कमगळूर, हासन या जिल्ह्यांत पिकते. मार्च-एप्रिलात एक पाऊस पडला की सारा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो, आणि हिवाळ्यात लाल फळे तोडावयाची वेळ येते. ती तोडावयास असतात त्या पुष्कळशा बायकाच. मी एकदा मंडळाच्या सहलीत तिकडे गेले होते. कंबरेला पिशवी बांधून दिवसभर फळे तोडणाऱ्या एका बाईला मी विचारले, तुम्ही कॉफी पिता का? ती हसली. म्हणाली, काळी पिते, गूळ घालून. दुधाची परवडत नाही. बाबा बुदन यांनी मोख्याहून सात बिया लपवून आणल्या, ही कथा त्या डोंगरावर सगळे सांगतात. त्या बाईची कथा कुणी सांगितली नाही, मीही विचारली नाही. बस सुटावयाची वेळ झाली होती.

आता आजचे. अण्णा गेले, त्यांच्या पत्नीही गेल्या. नातू हॉटेल चालवतो. चांगला मुलगा आहे, मिरजेतच वाढला, आपल्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतो. फॅमिली रूम मोडून तिथे सामानाची खोली झाली आहे. कोनाडाही भिंतीत बुजवला आहे, पण रंगाखाली त्याची कड अजून दिसते. बघावयाची असेल तर मी दाखवीन. परवा तो मला म्हणाला, "आजी, दुपारी चारला कोणी बसत नाही. लोक मोबाइलवरून मागवतात आणि घरी पितात. पुढची टेबले काढून नुसता काउंटर करावा म्हणतो." धंद्याच्या दृष्टीने त्याचे बरोबर असेल. मी त्याला काही उपदेश केला नाही. दिवाळीपर्यंत थांब, एवढेच म्हटले.

कारण मी रोज पाहते, आमच्या आळीत सातआठजणी अशा आहेत की दुपारी घरात एकट्या. कुणाची मुले पुण्याला, कुणाची परदेशी. कुणाचे यजमान गेले. माझे गेले तेव्हा मीही वर्षभर उंबरा ओलांडला नव्हता, आणि मग एका मंगळवारी कुणी न बोलावता जाऊन बसले, तर पोऱ्याने न विचारता कॉफी आणून ठेवली होती. दवाखान्यात आलेल्या परगावच्या बाया अजूनही त्या रस्त्यावर पिशवी मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसलेल्या दिसतात. आत जावे की नाही, असा त्यांना प्रश्न पडलेला असतो. आपल्या मंडळात आज झाडलोटीला येणारी मुलगी आहे, तिला मी कालच विचारले, हॉटेलात कधी गेली आहेस का? ती म्हणाली, पार्सल आणावयास जाते.

तेव्हा मी कार्यकारिणीला ठराव वगैरे काही देत नाही. हात वर करावयाचा अनुभव माझा मी सांगितला आहे. येत्या मंगळवारी दुपारी चार वाजता मी दाराजवळच्या टेबलाशी असेन. गुडघ्यांमुळे यावयास थोडा उशीर होईल, पण येईन. येताना जिला आजवर कुणी बोलावले नाही तिला बरोबर आणा. मी त्या मुलीला घेऊन येते आहे. ती हो म्हणाली आहे. खुर्च्या किती लागतील ते सोमवारपर्यंत कळवा, म्हणजे त्याला आधी सांगता येईल. आणि मावशींच्या रिवाजाप्रमाणे पैसे मात्र ज्याचे त्याने द्यावयाचे.